झिऑन ई५ व्ही४ आणि रॅमच्या लेबलवरचा हिशोब

ड्युअल सॉकेट, म्हणजे दोन प्रोसेसर बसणाऱ्या मशीनमधले दोन्ही प्रोसेसर बदलून झाले. इंटेलच्या झिऑन ई५-२६२० व्ही३ ची जोडी उतरवली, ई५-२६८० व्ही४ ची चढवली (व्ही३, व्ही४ म्हणजे पिढी). बायोस (बोर्डावरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) मात्र जुनी जोडी बसलेली असतानाच अपडेट करून घ्या, नाहीतर बोर्डाला व्ही४ ओळखू येत नाही आणि मशीन पोस्टच होत नाही, म्हणजे सुरुवातीची तपासणीच पार करत नाही. त्या भागाबद्दल एवढंच, कारण खरं डोकं लागलं ते रॅममध्ये.

बोर्डावर प्रत्येक सॉकेटला ४ चॅनेल (प्रोसेसर आणि रॅममधल्या स्वतंत्र वाटा), प्रत्येक चॅनेलला २ स्लॉट, म्हणजे एकूण १६. त्यातले ८ आधीपासून भरलेले, १६ जीबीच्या रजिस्टर्ड (आदेशाच्या तारांवर बफर असलेल्या) २१३३ च्या स्टिकनी. २१३३ हा वेग, सेकंदाला किती दशलक्ष ट्रान्सफर ते सांगणारा. गंमत म्हणजे या स्टिक इतके दिवस १८६६ वर चालत होत्या. डीएमआयडीकोड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या कमांडमध्ये वर स्पीड २१३३ आणि खाली कॉन्फिगर्ड मेमरी स्पीड १८६६ दिसला की बरेच जण बायोसची सेटिंग चाळत बसतात. तिथे काही सापडत नाही. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो आणि २६२० व्ही३ ची मर्यादाच १८६६ आहे. व्ही३ कुटुंबाची कमाल २१३३ असली तरी खालच्या मॉडेलच्या वाट्याला ती आलेली नाही. व्ही४ मध्येही तेच: २६८० ला २४००, २६२० ला २१३३. त्यामुळे पिढीवरून अंदाज बांधू नका, इंटेलच्या आर्कवर (प्रोसेसरच्या तपशिलांच्या वेबसाइटवर) नेमका मॉडेल नंबर बघा. प्रोसेसर बदलल्यावर त्याच स्टिक, काहीही न करता, २१३३ वर आल्या.

आता उरलेल्या ८ स्लॉटसाठी खरेदी. हवी होती ३२ जीबीची स्टिक. वापरलेल्या मालात ३२ जीबी, डीडीआर४, ईसीसी (चुका दुरुस्त करणारी), रजिस्टर्ड एवढं लिहिलेल्या स्टिक ढिगाने मिळतात, आणि वर्णन तंतोतंत जुळूनही त्यातल्या काही या प्रोसेसरला चालत नाहीत. म्हणून मी विक्रेत्याकडे वर्णन मागतच नाही, लेबलचा फोटो मागतो.

माझ्याकडे आलेल्या स्टिकवर होतं: ३२जीबी २आर×४ पीसी४-२४००टी-आर. शेवटचा आर म्हणजे रजिस्टर्ड. तिथे एल असेल तर एलआरडिम (तिच्याबद्दल पुढे), ई असेल तर ईसीसीवाली अनबफर्ड, म्हणजे बफर नसलेली, यू असेल तर साधी अनबफर्ड. डीडीआर४ मध्ये रजिस्टर्ड आणि अनबफर्ड दोन्हींची खाच एकाच जागी असते, त्यामुळे चुकीची स्टिकही स्लॉटमध्ये बिनतक्रार बसते, फक्त मशीन उठत नाही. (डीडीआर५ मध्ये खाचेची जागाच वेगळी केली आहे. देर आये दुरुस्त आये.) २४०० नंतरचा टी हा लेटन्सीचा गट, म्हणजे १७-१७-१७. २१३३ ला तिथे पी दिसतो, २६६६ ला व्ही.

पण सगळ्यात मोलाचं आहे ते २आर×४. दोन रँक (एकत्र काम करणाऱ्या चिपचे गट), आणि प्रत्येक चिप ४ बिट रुंद. डेटाची रुंदी ६४ बिट, म्हणजे एका रँकला १६ चिप, दोन रँकना ३२. ईसीसीच्या ४ वेगळ्या, त्या धरून स्टिकवर ३६. आता ३२ जीबी भागिले ३२ चिप, म्हणजे चिपमागे १ जीबी, अर्थात ८ गिगाबिट. ई५ व्ही४ ला ४ आणि ८ गिगाबिटच्या चिप अधिकृतपणे चालतात, त्यामुळे ही पास.

त्याच विक्रेत्याकडे ३२जीबी १आर×४ सुद्धा होती, दिसायला जास्त नवी आणि तुलनेने स्वस्त. तिचा हिशोब करा: १६ चिपमध्ये ३२ जीबी, चिपमागे १६ गिगाबिट. इंटेलच्या झिऑनमध्ये १६ गिगाबिटच्या चिपना पाठिंबा आला तो २०१९ च्या कॅस्केड लेकपासून. ६४जीबी २आर×४ चं गणितही तिथेच येऊन थांबतं. माझ्या मते जुन्या बोर्डांवर 'रॅम खराब निघाली' म्हणून परत जाणाऱ्या कितीतरी स्टिक धडधाकट असतात, त्यांची चिप फक्त कंट्रोलरच्या आवाक्याबाहेर असते. क्यूव्हीएलमध्ये नाव नसणं हा मात्र नकार नव्हे. बोर्ड बनवणाऱ्यांनी तपासलेल्या मोजक्या मॉड्यूलची ती यादी आहे, त्यापलीकडचं बरंच चालतं.

एलआरडिमचाही मोह झाला होता. त्यांच्यात डेटा लाइनवरही बफर असतात, त्यामुळे चॅनेलवरचा विद्युत भार हलका होतो आणि भरलेल्या स्लॉटमध्येही वेग टिकतो. पण रजिस्टर्डसोबत एलआरडिम मिसळता येत नाही. आधीच्या आठही स्टिक काढाव्या लागल्या असत्या.

बसवताना प्रत्येक चॅनेलच्या पहिल्या स्लॉटमध्ये ३२ ची, दुसऱ्यात १६ ची. सगळे चॅनेल एकसारखे. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा बराच वेळ काळाच राहतो. मेमरी ट्रेनिंग (रॅमशी सिग्नलची वेळ जुळवणं) चालू असतं, घाईने बटण दाबू नका.

उठल्यावर ३८४ ऐवजी ३५२ जीबी. दुसऱ्या सॉकेटचा एक स्लॉट रिकामा दाखवत होता. तिथली स्टिक शेजारच्या चॅनेलवरच्या स्टिकशी बदलून पाहिली. स्टिक दुसरीकडे दिसली, स्लॉट तसाच रिकामा. म्हणजे दोष स्टिकचा नाही, त्या चॅनेलच्या वाटेत कुठेतरी. अशा वेळी नवी रॅम मागवण्याआधी प्रोसेसर काढून बघावा. काढला, तर खालच्या बाजूला कडेच्या तीन-चार सोनेरी पॅडवर थर्मल पेस्टचा राखाडी पुसट थर. आधीच्या मालकाकडूनच आलेला, कारण मी खालच्या बाजूला बोट लावत नाही. सॉकेटच्या पिना टॉर्च तिरका धरून पाहिल्या, सगळ्या एका रेषेत होत्या. पॅड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, वाळू दिले, हीटसिंकचे स्क्रू आळीपाळीने, तिरक्या क्रमाने आवळले. ३८४ पूर्ण.

वेग सगळीकडे २१३३. नव्या स्टिक २४०० च्या असल्या तरी सगळ्यात हळू स्टिकचाच वेग सगळ्यांना लागू होतो. शिवाय माझ्या बोर्डाच्या मॅन्युअलमधल्या तक्त्यात चॅनेलला दोन रजिस्टर्ड स्टिक टाकल्या की व्ही४ ला तसंही २१३३ च दिलंय, त्यामुळे मिश्रणाने काही गमावलेलं नाही. व्हर्च्युअल मशीनसाठी मला क्षमता हवी होती, वेगाची ती पायरी मी सोडून दिली.

रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ चा पूर्ण फेरा स्वच्छ गेला. तरी तेवढ्यावर थांबलो नाही, कारण ईसीसी एका बिटची चूक गुपचूप दुरुस्त करते आणि ती चाचणीत दिसेलच असं नाही. लिनक्समध्ये एसबी_ईडॅक ड्रायव्हर लोड झालाय, दुरुस्त झालेल्या चुकांचे आकडे चॅनेलवार तिथे मिळतात. सध्या सगळीकडे शून्य. पॅड पुसलेल्या त्या चॅनेलवर जास्त लक्ष आहे. तिथला आकडा वाढायला लागला तर प्रोसेसर पुन्हा काढून आधी पिना भिंगाखाली बघेन.