हासिएंडाच्या मागच्या बाजूला

मँचेस्टरचा पाऊस पडत नाही, नुसता भुरभुरतो. छत्री उघडायची लाज वाटते आणि नाही उघडली तर अर्ध्या तासात बाह्या ओल्या. ऑक्सफर्ड रोड स्टेशनला उतरलो आणि रेल्वेच्या विटांच्या कमानींच्या कडेकडेने व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्टवर हासिएंडा गाठलं. म्हणजे त्या नावाची फ्लॅटची इमारत. दारात इंटरकॉम. ज्या नाइटक्लबसाठी आलो, तो १९९७ सालीच बंद पडला, पुढे पाडलाही. माहीत होतं, तरी आलो.

१९८० च्या मे महिन्यात जॉय डिव्हिजन या बँडचा गायक इयान कर्टिस याने आत्महत्या केली. उरलेल्या तिघांनी गिलियन गिल्बर्टला सोबत घेतलं आणि न्यू ऑर्डर या नावाने पुन्हा उभे राहिले. गिटार सोडली नाही, पण न्यूयॉर्कच्या क्लबांतला ठेका डोक्यात शिरला होता. १९८२ मध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्स या आपल्या रेकॉर्ड कंपनीबरोबर हा क्लब काढला. पैसा बराचसा बँडच्या रेकॉर्डांचा. पुढे बाहेर रांगा लागल्या, पण पोरं एक्स्टसी नावाच्या नशेच्या गोळ्या घेऊन नुसतं पाणी पीत नाचायची आणि बारचा गल्ला रिकामा!

मागे रॉचडेल कालवा आहे. तिकडच्या भिंतीवर पोलादी पत्र्यात क्लबची वर्षवार कहाणी कोरलीय. तिथे उभं राहून कानात न्यू ऑर्डरचं १९८३ चं 'ब्लू मंडे' लावलं. टाळ्या पडल्या की पुन्हा स्टेजवर यायचा या मंडळींना कंटाळा. बटण दाबून निघून जाता येईल असं काहीतरी हवं, यातून हे गाणं सुचलं, असं तेच सांगतात. ठेका ड्रम मशीनचा, भरलेले सूर आपोआप वाजवणारं यंत्र, म्हणजे सिक्वेन्सर, बँडच्या बर्नार्ड समनरने सुटे भाग आणून स्वतः जोडलेला. गिलियनने सगळे सूर लांबलचक कागदावर लिहून काढले, एकेक करून यंत्रात भरले आणि त्यात एक सुटला. म्हणून धून ठेक्यापासून जराशी सरकलेली आहे. एकदा कळलं की दुसरं काही ऐकूच येत नाही. सम जवळ येते, हुकते, पुन्हा जवळ येते. मग बँडमधल्या पीटर हूकची बास गिटार. वाद्य गुडघ्यापर्यंत लोंबकळणारं आणि सूर मात्र वरच्या पट्टीतले. एवढ्या यंत्रांत तेवढाच एक घाम आलेला माणूस वाटतो.

साडेसात मिनिटं. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका बाईने माझ्या पायाकडे बघितलं. ठेका धरला होता मी, बहुधा चुकीचा.