जरा उचलून लावा!

आमच्या बेडरूमचं दार उचलून लावावं लागतं. म्हणजे लागायचं. हँडल धरायचं, बोटभर वर उचलायचं आणि खांद्याने हलकंच ढकलायचं की कडी बसते. अकरा वर्षं आम्ही हे करत होतो आणि दार बिघडलंय असं घरात कुणालाच कधी वाटलं नाही, ते दार तसंच लावायचं असतं, बास. पाहुणे आले की सासूबाई हॉलमधून ओरडायच्या, "जरा उचलून लावा!" आणि पाहुणे बिचारे नक्की काय उचलायचं ते शोधत उभे राहायचे.

घर विकायचं ठरलं तेव्हा लक्षात आलं की आमचं अख्खं घरच असं चाललंय. हॉलमधला दुसरा स्विच दोनदा दाबायचा. सिंकचा नळ बंद करताना थोडा जास्त पिळायचा पण फार नाही, फार पिळला की अजूनच गळतो. खिडकी सरकवताना खालून हात द्यायचा. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, हातांनाच पाठ झालं होतं. एजंट पहिल्यांदा आला तेव्हा दहा मिनिटांत त्याला सगळं सापडलं, कारण तो नळ आपला चारचौघांसारखा बंद करत होता. म्हणाला, "मॅडम, हे घर फक्त तुम्हालाच वापरता येतंय."

मला रागच आला खरं तर. पण आला तसा गेलाही, कारण पुढच्याच मिनिटाला त्याने नाक वर करून हुंगलं आणि विचारलं, "ह्या बाथरूममध्ये कुणी जात नाही का?" आता आम्हाला तिघांनाही कसलाही वास येत नव्हता, शप्पथ. नाकाचं असंच असतं म्हणे, तोच वास सारखा येत राहिला की थोड्या वेळाने मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो, त्यामुळे आपल्या घराचा वास जगात सगळ्यांना येतो, फक्त आपल्याला नाही. आठ दिवस बाहेरगावी राहून परत आलो की दार उघडल्यावर पहिलं अर्धं मिनिट जे काही जाणवतं, तोच आपल्या घराचा खरा वास. तर ते मागचं बाथरूम आम्ही वापरतच नव्हतो. एजंटने एक मग पाणी जाळीत ओतलं आणि वास थांबला. जाळीखालच्या वाकड्या भागात थोडं पाणी कायम साठून राहतं, ते गटाराचा वास वर येऊ देत नाही, आणि बाथरूम बरेच दिवस बंद राहिलं की ते पाणी सुकून जातं. एवढंच होतं. मी तर फवारायचा सुगंध आणायला निघाले होते. त्यावर तो म्हणाला की नको, घर फार घमघमलं की गिऱ्हाईक इथे काय लपवलंय तेच शोधायला लागतं.

मग आवराआवर. ह्यावर फार लिहीत नाही, ज्याने कधी माळा रिकामा केलाय त्याला माहितीय. एक मात्र, सगळं कपाटात कोंबून आवरलंय असं समजू नका, घर बघायला आलेली माणसं कपाटं उघडतात. अगदी सहज उघडतात, आपल्यासमोर! आणि दुसरं, मला वाटायचं खोली रिकामी केली की मोठी दिसते. उलट होतं. फर्निचर नसलं की नजरेला मापच मिळत नाही. पलंग असला की कळतं की बरं, पलंग मावतोय आणि बाजूने चालायलाही जागा आहे. भिंतीवरचे आमचे फोटो काढा असंही एजंट म्हणाला, बघणाऱ्याला तिथे स्वतःचं घर दिसलं पाहिजे म्हणून. मी दोन ठेवले. फारच काढलं की घर हॉटेलच्या रूमसारखं दिसतं आणि हॉटेल कोण विकत घेतंय.

बल्बचं मात्र मला पटलं. आमच्या हॉलमध्ये दोन पिवळे आणि एक पांढरा, जसजसे गेले तसतसे बदललेले. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो, २७०० च्या आसपास पिवळसर आणि ६५०० म्हणजे निळसर पांढरा. दोन्ही एकत्र लागले की एकाच भिंतीचे दोन रंग दिसतात आणि भिंत मळकी वाटते. तिन्ही सारखे लावले तर मला वाटलं रंगच दिलाय. फोटो काढतानाही सगळे दिवे लावून, पडदे उघडून काढले. नवऱ्याला मोबाईलच्या त्या रुंद लेन्सने काढायचे होते, खोली मैदानाएवढी दिसते त्यात. पण मग माणूस मैदान डोक्यात घेऊन येतो आणि खोलीत शिरल्याशिरल्या त्याचा चेहरा पडतो, हे आम्ही घर घेताना स्वतः भोगलंय.

ह्याच नवऱ्याने नळांवरचे पांढरे डाग व्हिनेगरने घासून लख्ख केले, इथवर ठीक, पण जोशात त्याच फडक्याने बाथरूमचा मार्बलचा कट्टाही पुसला. नळावरचे डाग आणि मार्बल, दोन्हीत मुळात कॅल्शियम कार्बोनेटच, आणि व्हिनेगर पडलं आम्ल, त्याने भेदभाव केला नाही. कट्ट्याची चमक गेली ती गेलीच. तिथे आता एक कुंडी आहे.

खरी भांडणं झाली ती ओलीवरून. बाथरूमच्या पाठच्या भिंतीवर खालच्या कोपऱ्यात पोपडे आलेले आणि बोट लावलं की पांढरी पावडर हाताला येते, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतले क्षार बाहेर येत होते. रंगारी म्हणाला पुट्टी मारून रंग देतो, दोन-तीन महिने काढेल. नवऱ्याचे डोळे चमकले. मी म्हटलं, दोन-तीन महिन्यांनी तिथे जो राहत असेल तो काय म्हणेल आपल्याला? शिवाय सगळी भिंत जुनी आणि एकच चौकोन नवा कोरा, ते तर बोट दाखवल्यासारखंच दिसतं. शेवटी आतला जॉइंट प्लंबरकडून बदलून घेतला, भिंत सुकायला चांगले दीड महिने दिले, मग अख्खी भिंत रंगवली आणि प्लंबरचं बिल फाईलमध्ये ठेवलं. विचारलं की बिलच दाखवायचं.

किमतीवरून पण वाजलं. एजंटने आकडा सांगितला तर आम्हाला अपमान झाल्यासारखं वाटलं. १९९० साली काहनेमन, नेच आणि थेलर ह्या तिघा संशोधकांचा एक प्रयोग छापून आला होता, त्यात अर्ध्या लोकांना कॉफीचे मग फुकट दिले आणि लगेच विकायला सांगितले, तर मगवाले मागत होते ते बिनमगवाले देत होते त्याच्या साधारण दुप्पट. काही मिनिटांपूर्वी हातात आलेला मग! आमची तर अकरा वर्षं.

मग बघणारे यायला लागले. आम्ही जे जे घासलं ते कुणी बघितलंच नाही. एक काका आले ते सरळ बाथरूममध्ये, सगळे नळ एकदम सोडले, वर फ्लश ओढला आणि धार बारीक होते का ते बघत उभे राहिले. एक बाई बाल्कनीत डोळे मिटून पाच मिनिटं नुसता रस्त्याचा आवाज ऐकत होत्या. एजंटचं म्हणणं की घरच्यांनी अशा वेळी बाहेर जावं, लोक मोकळेपणाने बघतात. सासूबाई म्हणाल्या, माझ्या घरातून मी का जाऊ, आणि सोफ्यावर बसून आल्यागेल्याला सांगत राहिल्या की पंखा जरा आवाज करतो हो, पण झोप लागते.

दारही दुरुस्त झालं होतं तोवर. बिजागरीच्या स्क्रूंची भोकं सैल झाली होती, सुताराने त्यात फेविकॉल लावून लाकडाच्या बारीक काड्या ठोकल्या आणि लांब स्क्रू पिळले. वीस मिनिटं लागली. अकरा वर्षांच्या दाराला वीस मिनिटं.

रविवारी एक जोडपं आलं, दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा आले म्हणजे मनात आहे, असं एजंट जिन्यातच कुजबुजला होता. बेडरूम दाखवून झाली आणि मी बोलता बोलता दार लावायला गेले, तर हाताने सवयीने हँडल धरून वर उचललं, खांदाही लावला, आणि आता सरळ झालेलं ते दार वर चौकटीला खाडकन आपटलं.

"दाराला काही प्रॉब्लेम आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही नाही, अजिबात नाही," मी म्हटलं.

त्यांनी स्वतः लावून बघितलं. उघडलं, परत लावलं. दोन बोटांनी लागत होतं, आवाजसुद्धा नाही. ते माझ्याकडे बघतायत, त्यांची बायको माझ्याकडे बघतेय, एजंट छताकडे बघतोय, आणि तेवढ्यात हॉलमधून आवाज आला,

"अगं, सांग की त्यांना, जरा उचलून लावा म्हणावं!"