गुरुवार, दुपारी साडेतीन

अर्जेंटिनाची राजधानी बुएनोस आइरेस. सकाळच्या पायी फिरवणाऱ्या सहलीत आमच्या गाइडनं प्लाझा दे मायो या चौकाला सात मिनिटं दिली. मी घड्याळ पाहिलं होतं. गुलाबी रंगाचं राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय, म्हणजे कासा रोसादा, तिथली बाल्कनी, फोटो, चला पुढे. चौकाच्या मधोमध एक पांढरा स्तंभ आहे आणि त्याच्याभोवती जमिनीवर गोलाकार पांढरे रुमाल रंगवलेत. लोक त्यावरून सरसकट चालत होते. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "काही आयांचं आंदोलन, राजकारण आहे," आणि कॉफी कुठे चांगली मिळते ते सांगू लागला. मला इतका राग आला की पुढचं काही धड ऐकलंच नाही.

आम्ही दोघीच होतो, मी आणि सासूबाई. नवरा दिवसभर ऑफिसच्या कामात. बुएनोस आइरेसमध्ये नोव्हेंबर म्हणजे नीलमोहराचा महिना. रस्तेच्या रस्ते जांभळे झालेले, पुण्यात कधीच इतका एकत्र पाहिला नव्हता. नंतर ला बोकाची रंगीत घरं पाहिली. तिथे गर्दी, दुकानं आणि टँगोच्या पोझमध्ये फोटो काढून पैसे मागणारी जोडपी. पुन्हा जायची माझी इच्छा नाही.

जेवण मात्र लक्षात राहील. मांसावर जगणाऱ्या या शहरात आई चार दिवस केळी आणि पावावर काढत होत्या. कोरिएन्तेस रस्त्यावर एका पिझ्झाच्या दुकानात फुगासेता घेतला, चीजनं भरलेला आणि वर कांद्याचा ढीग. त्याच्यावर इथे फायना ठेवतात. जेनोवाहून आलेल्या इटालियन लोकांनी आणलेली ही चण्याच्या पिठाची भाजलेली जाडसर पोळी. आईंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि चेहरा उजळला. "अगं, हे बेसनाचं धिरडंच आहे की!" तीन खाल्ले.

तेव्हाच मी म्हटलं, "आई, आज गुरुवार आहे. त्या चौकात परत जाऊ या का?"

वाटेत त्यांना मला माहीत होतं तेवढं सांगितलं. मार्च १९७६ मध्ये लष्करानं सत्ता घेतली. तरुण मुलंमुली घरातून, कामावरून उचलली जायची आणि पुढे कुणालाच काही माहीत नसायचं. अशा बेपत्ता झालेल्यांचा आकडा मानवी हक्कांच्या संघटना ३०,००० सांगतात. ३० एप्रिल १९७७ ला अशा मुलांच्या चौदा आया या चौकात जमल्या. जमाव करायला बंदी होती, पोलीस म्हणाले, थांबू नका, चालत राहा. तेव्हा त्या दोघी-दोघी हातात हात घालून स्तंभाभोवती चालायला लागल्या. ही फेरी अजूनही दर गुरुवारी निघते. त्याच वर्षी लुहानच्या यात्रेत, गर्दीत एकमेकींना ओळखता यावं म्हणून त्यांनी डोक्याला बाळाचं लंगोट बांधलं. तोच पुढे पांढरा रुमाल झाला.

आई रस्त्यातच थांबल्या. "जपून ठेवलेलं लंगोट?"

"हो."

"मीही ठेवलंय ह्याचं एक. बाबांच्या जुन्या धोतराचं," त्या म्हणाल्या. लग्नाला बावीस वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं.

साडेतीनला माणसं जमायला लागली. आयांमधल्या आता थोड्याच उरल्यात, आणि १९८६ मध्ये त्यांच्या दोन संघटनाही झाल्या. एक आजी चाकांच्या खुर्चीत, डोक्याला रुमाल, छातीवर एका तरुणाचा फोटो लटकवलेला. मागे नातेवाईक, विद्यार्थी. फेरी सुरू झाली आणि कुणीतरी माइकवर नावं वाचू लागलं. प्रत्येक नावामागून सगळे म्हणत, "प्रेसेन्ते!" शाळेत हजेरी घेताना म्हणतात ना, तसंच: हजर! नाव, हजर. नाव, हजर.

स्पॅनिशचा एक शब्द न येणाऱ्या माझ्या सासूबाई पाचव्या-सहाव्या नावापासून "प्रेसेन्ते" म्हणू लागल्या. हळू आवाजात आणि प्रत्येक वेळी. आम्हीही फेरी मारली. कुणी विचारलं नाही, तुम्ही कोण. एका बाईनं आईंचा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

ही चळवळ उभी करणाऱ्या आसुसेना विज्याफ्लोर यांनाही डिसेंबर १९७७ मध्ये उचललं. त्यांचे अवशेष ओळखले गेले २००५ साली, आणि अस्थी याच स्तंभाच्या पायथ्याशी ठेवल्या आहेत. सकाळी मी तिथेच उभी राहून फोटो काढला होता, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

निघताना आईंनी साडीच्या निऱ्या हातात धरल्या आणि जमिनीवरच्या एकाही रुमालावर पाय न ठेवता वळसे घेत बाहेर आल्या. मेट्रोच्या फलाटावर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कुणाचं काही सापडलं का गं?"

कैदेत जन्मलेली आणि दुसऱ्यांना देऊन टाकलेली बाळं त्यांच्या आज्या शोधतात, हे सांगितलं. रक्ताच्या तपासणीवरून आतापर्यंत १३० हून जास्त नातवंडांचा पत्ता लागलाय.

त्यांनी बोटांवर वर्षं मोजली. "म्हणजे तुझ्याएवढी गं," म्हणाल्या.