नाला कोरडा नव्हता : कोळसा खाणीच्या जनसुनावणीचा माझा अनुभव

आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी आहे. गावातल्या ढिवर कुटुंबांच्या मासेमारी सहकारी संस्थेची मी सचिव आहे. शिवाराला लागून कोळशाची खुली खाण होणार असून तिच्यासाठी नाल्याचे पात्र वळवले जाणार आहे, हे आम्हांला वर्तमानपत्रातल्या जनसुनावणीच्या जाहिरातीवरून कळले. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम अधिसूचनेप्रमाणे सुनावणीआधी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. तेवढाच वेळ आमच्या हाती होता.

खाणीच्या पर्यावरणीय परिणाम अहवालाचा मराठी सारांश थोडक्या पानांचा होता, म्हणून मी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन मूळ इंग्रजी अहवाल मागितला. तो दाखवायला टाळाटाळ झाली, दोन खेटे वाया गेले, तिसऱ्या वेळी मात्र लेखी अर्जाची पोच हातात धरूनच मी टेबलासमोर बसले. अहवालातल्या एका तक्त्यात आमच्या नाल्यापुढे ‘हंगामी’ एवढा एकच शब्द होता. जलचरांच्या यादीत चार-पाच मासे होते. कासव नव्हते, शिंपले नव्हते. पाहणी मार्च ते मे या काळात झाली होती. यात बेकायदा काही नव्हते, कारण पावसाळा सोडून कोणत्याही एका ऋतूतील नोंदी नियमाला चालतात. परंतु नाल्याचा खरा जीव पावसाळ्यातच हलतो आणि नेमका तोच काळ पाहणीबाहेर राहतो, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट उमगली.

संस्थेच्या एका वृद्ध सभासदांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “ताई, पहिला पाणी आला का मासोळी चढते. पण उन्हाळाभर ती राहते कुठं, हे कोणी इचारलं का?” दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पात्रातून चालवत नेले. वाळू तापलेली होती आणि अर्धा कोस पाण्याचा मागमूस नव्हता; वळणावर अर्जुनाच्या उघड्या मुळांखाली मात्र कमरेएवढ्या पाण्याचा डोह होता. त्यांनी कडेच्या गाळात हात घालून एक कासव अलगद वर काढले. त्याने पाय आत ओढले आणि पोटाकडच्या झडपा मिटून घेतल्या. झडपांचे हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकेच संरक्षण त्याला आहे. आम्ही छायाचित्र घेतले, जागेची नोंद केली आणि त्याला होते तिथे सोडले. असे सात डोह आम्हांला सापडले. पात्र वळवून सरळ चर खोदला की पाणी वाहील, पण डोह उरणार नाहीत. आणि उन्हाळ्यात जगलेली मासोळीच नसेल तर पहिल्या पुरात चढणार कोण?

विहिरींचे काम त्यामानाने सोपे होते. आमच्या भागात कोळशाच्या थरांवर कामठी वालुकाश्म आहे आणि आमच्या विहिरींना पाणी त्याच खडकातून येते. खाण खोल गेली की तिथला उपसा हे पाणी आपल्याकडे ओढतो. म्हणून आम्ही दोरीला दगड बांधून २७ विहिरींची पातळी मोजली आणि प्रत्येक आकड्यापुढे शेतकऱ्याची सही घेतली. उद्या विहीर आटली तर ती आधी किती भरलेली होती, याचा पुरावा आमच्याजवळ असायलाच हवा होता.

हरकत दोन प्रतींत दिली आणि आमच्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतला. सुनावणीत नोकरी आणि मोबदला यांवरच बहुतेक वेळ गेला, आणि ज्यांची जमीन जाणार आहे त्यांनी तेच बोलावे हे स्वाभाविक आहे. माझी पाळी दुपारनंतर आली. मी तीनच मागण्या मांडल्या : पावसाळ्यात पुन्हा पाहणी करावी, डोहांचा पट्टा वळवू नये, आणि विहीर आटल्यास पाणी पुरवण्याची लेखी जबाबदारी घ्यावी. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवले गेले, तेव्हा त्यात ‘पाण्याविषयी चिंता व्यक्त केली’ एवढेच आले होते. इतिवृत्त सभेसमोर वाचून त्याच दिवशी सही व्हावी, असा नियमच आहे; त्यामुळे सही होण्याआधी मी उभी राहिले आणि तिन्ही मागण्या शब्दशः लिहून घ्यायला लावल्या. माझ्या मते त्या दिवशीचे सर्वांत महत्त्वाचे काम तेच होते, कारण मंजुरीची शिफारस करणाऱ्या दिल्लीतील तज्ज्ञ समितीपुढे माणसे जात नाहीत, कागद जातो.

खाणीला मंजुरी मिळाली. परंतु पावसाळी पाहणी होईपर्यंत नाल्याला हात लावायचा नाही, भूजलाची पातळी वर्षातून चार वेळा मोजायची आणि विहिरी आटल्यास पर्यायी पाणी द्यायचे, या अटी पत्रात आल्या. या अटींच्या पालनाचा अहवाल १ जून आणि १ डिसेंबर या तारखांना द्यावा लागतो. तो आला की आम्ही आमची वही उघडतो आणि त्यातले आकडे आमच्या २७ विहिरींशी ताडून पाहतो. गेल्या जूनमध्ये तीन विहिरींचे आकडे जुळले नाहीत. त्यांचा अर्ज दिला आहे आणि पोच वहीला टाचून ठेवली आहे.