मुख्य कार्यकारी म्हणून माझा पहिला केळी हंगाम

रावेर तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून मी रुजू झालो, तेव्हा ठिबक सिंचनाच्या व्यवसायात खरेदी विभागात काढलेली नऊ वर्षे पुरेशी ठरतील, अशी माझी समजूत होती. उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी नेमावाच लागतो, तो सभासदांबाहेरचा असावा लागतो आणि तो पदसिद्ध संचालकही असतो, अशी कायद्यात तरतूद आहे. कागदावर हे सोपे वाटते. पण ज्यांचा माल नाकारायचा तेच आपले मालक, आणि तेही वयाने वडीलधारे, ही अडचण कायद्यात कुठेच लिहिलेली नाही.

पहिले तीन महिने मी सगळे स्वतःच केले. पहाटे कापणीच्या टोळ्या लावायच्या, दिवसभर काट्याजवळ उभे राहायचे, रात्री शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या तपासायच्या. माणूस किती राबतो, असे लोक म्हणत आणि मला ते आवडतही होते. त्या नादात बँकेतल्या कॅश क्रेडिटचे, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाच्या मर्यादेचे, नूतनीकरण राहून गेले आणि सभासदांचे पैसे अकरा दिवस अडकले. दुसऱ्या दिवशी मी काटा आमच्या लेखनिक मुलीकडे सोपवला. ती माझ्यापेक्षा बारकाईने वजन घेते, हे मान्य करायला मात्र आणखी आठवडा गेला.

खरी कसोटी आखाती देशात जाणाऱ्या कंटेनरच्या वेळी लागली. सुमारे वीस टन माल भरायचा होता आणि त्यात अध्यक्षांच्या, म्हणजे नानांच्या बागेतले घड होते. खालच्या फण्यांची केळी बारीक निघाली. नाना म्हणाले, "भाऊ, आजच्या दिवस चालवून घ्या." मी काही न बोलता केळीची जाडी मोजायचा कॅलिपर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तीन फण्या मोजल्या, कॅलिपर खोक्यावर ठेवला आणि निघून गेले. तो माल स्थानिक गाडीत गेला. त्या दिवसापासून मी "भाऊ"चा "साहेब" झालो.

सर्वांत जास्त डोके मात्र पैशांनी खाल्ले. मालाची पूर्ण किंमत लगेच न देता काही भाग राखून ठेवायची आणि तो नंतर द्यायची मुभा उत्पादक कंपनीला असते. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. पण बऱ्हाणपूरच्या लिलावातला भाव मोबाइलवर आला आणि व्यापारी बांधावर रोख मोजू लागला, की तोच सभासद आमच्याकडे येईनासा होई. मी समजावत फिरलो, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. शेवटी राखीव रकमेची देय तारीख प्रत्येक पट्टीवर छापली, तेव्हा कुरकुर थोडी कमी झाली. (केंद्राच्या २०२० च्या योजनेतून मुख्य कार्यकाऱ्याच्या पगारासाठी तीन वर्षे महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, पुढचा पगार कंपनीलाच उभा करावा लागतो, म्हणून ही कुरकुर मला अंमळ जास्तच झोंबत असे.)

राखीव रक्कम दिवाळीच्या आधी द्यायची ठरली होती, ती पाडव्याला खात्यांवर जमा झाली. संध्याकाळी नानांचा फोन आला. "साहेब, पैसे आले. पट्टीवरच्या तारखेपेक्षा तीन दिवस उशिरा आले."