हिमवादळ, जेएफके आणि आमचा तीन दिवसांचा मुक्काम (जानेवारी 2016)

परतीचं विमान शनिवार, 23 जानेवारीच्या रात्रीचं, न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरून होतं. मी आणि मावशी त्या आठवड्यात वॉशिंग्टनला मावसभावाकडे होतो. वादळाचा अंदाज तीन-चार दिवस आधीपासून सांगितला जात होता. वॉशिंग्टनला जास्त बर्फ, न्यूयॉर्कला त्या मानाने कमी, असा सुरुवातीचा सूर होता.

गुरुवारी सकाळी एअरलाइनचा मेल आला की शुक्रवार-शनिवारची तिकिटं जादा पैसे न घेता बदलून मिळतील. याला तिकडे 'ट्रॅव्हल वेव्हर' म्हणतात. मी मेल वाचला आणि 'संध्याकाळी बघू' म्हणून ठेवून दिला. सकाळी शुक्रवारच्या विमानात चार जागा दिसत होत्या, संध्याकाळी एकही नव्हती. तुम्हाला असा मेल आला, तर त्याच तासात निर्णय घ्या. एअरलाइन फुकटात तारीख बदलून देते, तेव्हा तिला पुढचं स्पष्ट दिसत असतं.

शुक्रवारी सकाळी मात्र उशीर केला नाही. युनियन स्टेशनवरून पहिली मिळेल ती ट्रेन पकडून न्यूयॉर्क गाठलं. त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये बर्फ सुरू झाला आणि रात्री तिथली मेट्रो बंद झाली, ती शनिवार-रविवार बंदच राहिली. दुपारची ट्रेन घेऊ म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

हॉटेल न्यूयॉर्कच्याच क्वीन्स विभागातल्या जमैका भागात घेतलं, 'ई' सबवेच्या (सबवे म्हणजे तिथली मेट्रो) स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. ही निवड पुढे फार कामाला आली. 'ई' लाइन पूर्ण जमिनीखालून जाते. शनिवारी दुपारी बारापासून बस बंद, अडीचपासून खाजगी गाड्यांना रस्त्यावर बंदी, चारपासून उघड्यावरून धावणारी सबवे आणि लाँग आयलंड रेल्वे बंद. पण भुयारातल्या गाड्या सुरू होत्या. वादळाच्या दिवसांत न्यूयॉर्कला राहायची वेळ आली, तर विमानतळाच्या जवळचं हॉटेल शोधण्याऐवजी भुयारी स्टेशनाजवळचं शोधा.

विमान रद्द झाल्याचा निरोप शनिवारी सकाळी आला. मावशीने पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात?" बीपी आणि डायबेटिसच्या मिळून पाच दिवसांच्या होत्या, तेही तिने स्वतः हँडबॅगेत वेगळ्या ठेवल्या होत्या म्हणून लगेच हाताशी होत्या. परतीच्या तारखेच्या पुढे किमान आठवडाभराची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ हवीच, आणि ती चेक-इनच्या बॅगेत कधीही नको. बंदी लागण्याआधी मी खाली जाऊन पाणी, ब्रेड, फळं आणून ठेवली.

मग फोन. अमेरिकेतल्या नंबरवर दीड तास नुसतं संगीत ऐकलं. शेवटी त्याच एअरलाइनच्या दुसऱ्या देशातल्या नंबरवर लावला, तेव्हा वीस मिनिटांत माणूस बोलायला आला. बुकिंग सगळीकडे एकच असतं, त्यामुळे कुठल्याही देशातला माणूस ते बदलू शकतो. मंगळवार रात्रीच्या जागा मिळाल्या. त्या आधी पक्क्या केल्या आणि मगच त्याहून लवकरचं काही मिळतंय का ते शोधलं. मिळालं नाही.

रविवारी सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. गाड्यांवरची बंदी सातला उठली. मावशी खिडकीतून बघून म्हणाली, "आकाश तर मोकळं आहे गं, मग मंगळवार कशाला?" नवख्या प्रवाशाचा सगळ्यात जास्त जीव इथेच कासावीस होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते. वादळाआधीच एअरलाइन आपली विमानं दुसऱ्या शहरांत हलवतात, ती परत आणावी लागतात. पायलट आणि क्रूच्या ड्यूटीच्या तासांना कायद्याची मर्यादा असते, त्यामुळे तेही भलत्याच शहरात अडकलेले असतात. त्यात पुढच्या दिवसांची विमानं आधीच भरलेली. समजा, 300 जणांचं एक विमान रद्द झालं आणि पुढच्या प्रत्येक विमानात 20 जागा रिकाम्या आहेत. एवढ्या लोकांना हलवायलाच पंधरा विमानं लागतात. म्हणून हॉटेलचं बुकिंग वादळ संपण्याच्या दिवसापर्यंत करू नका, त्यापुढे दोन रात्री तरी धरा. आम्ही शनिवारी एकच रात्र वाढवून घेतली होती. रविवारी पुन्हा वाढवताना दर बराच चढला होता.

पैशांचं सांगायचं तर, अमेरिकेत हवामानामुळे विमान रद्द झालं तर हॉटेल देणं एअरलाइनला बंधनकारक नाही. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघत असाल, तर कारण हवामान असलं तरी जेवण आणि मुक्काम द्यावाच लागतो. अमेरिकेत एअरलाइनने विमान रद्द केलं आणि तुम्ही पर्यायी प्रवास नाकारलात, तर नॉन-रिफंडेबल तिकिटाचेही पैसे परत मिळतात. पण घाबरून तुम्हीच आधी रद्द केलंत, तर हा हक्क जातो. त्यांच्या निरोपाची वाट पाहा. आणि तिकिटातला विमानाचा पहिला टप्पा सोडून तो ट्रेनने किंवा गाडीने स्वतःच उरकणार असाल तर आधी कळवा, नाहीतर पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात.

रस्त्यावर उतरताना एक जपा. फुटपाथच्या कडेला जे राखाडी, घट्ट बर्फासारखं दिसतं ते बरेचदा घोटाभर गार पाणी असतं. मावशीचा पाय त्यात गेला आणि बूट दोन दिवस वाळला नाही. गाडी घेऊन निघणार असाल तर इंजिन सुरू करण्याआधी मागचा सायलेन्सर पाइप बर्फातून मोकळा करा. तो बुजला तर कार्बन मोनॉक्साइड आत साठतो. याच वादळात न्यू जर्सीत पॅसेइकमध्ये गाडीत ऊब घेत बसलेली एक आई आणि तिचं बाळ असं गेलं. ती बातमी आम्ही हॉटेलच्या खोलीत पाहिली, आणि मावशी बराच वेळ काही बोलली नाही.

त्या वादळात सेंट्रल पार्कमध्ये 27.5 इंच बर्फ पडला, 1869 पासूनच्या नोंदींत एका वादळातला सर्वाधिक. जेएफकेवर तर 30 इंचांच्या आसपास. मंगळवारी क्वीन्सच्या आतल्या गल्ल्यांत गाड्या अजून ढिगाऱ्याखालीच होत्या. आम्ही चार तास आधी निघालो, बॅगा ओढत 'ई'च्या स्टेशनपर्यंत गेलो आणि तिथून विमानतळावर वेळेत पोचलो. रांगेत आमच्या पुढे एक कुटुंब होतं, शुक्रवारपासून अडकलेलं. त्यांच्या लहान मुलीला मावशीने पिशवीतलं शेवटचं संत्रं सोलून दिलं.