सहा गुणांची खेळी

मंगळवार, रात्री उशिरा

स्क्रॅबलमध्ये, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स बोर्डावर लावून इंग्रजी शब्द करायच्या खेळात, आज कंप्युटरने 'लो' लावलं. बोर्डावरच्या एलला ओ आणि डब्ल्यू चिकटवले, सहा गुण घेतले, संपली पाळी. पिशवी अजून निम्म्याहून जास्त भरलेली, बोर्ड मोकळा, आणि वरच्या कडेचं, शब्दाचे गुण तिप्पट करणारं लाल घर तर मीच नाइलाजाने उघडून दिलेलं. तिकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मनात म्हटलं, बेट्याच्या रॅकवर, म्हणजे हातातल्या सात टाइल्समध्ये, नुसता कचरा साठलाय. पुढच्याच पाळीला बेट्याने सातही टाइल्स एका दमात उतरवल्या. 'रिटेन्स'. शब्द दुप्पट घरावर, वर ५० चा बोनस, आणि एसमुळे लांबलेल्या आडव्या शब्दाचे गुण वेगळेच. एकूण सत्तरीच्या पुढे.

माझ्या अॅपमध्ये डाव संपल्यावर कुठल्या पाळीला कोणाच्या रॅकवर काय होतं ते उलगडून बघता येतं. झोप येईना, म्हणून बघितलं. 'लो' लावताना त्याच्याकडे ए, ई, एन, आर, एस, ओ आणि डब्ल्यू होते. कचरा कसला, सोनं होतं! 'आन्सर' धडधडीत समोर दिसतोय, लावायला जागाही होती, दुप्पट घर धरून १८ गुण. मी तर दुसरा विचारच केला नसता. १८ सोडून सहा का घेतले असतील?

बुधवार

दुपारी कागद घेऊन बसले. त्याने काय लावलं याकडे मी कालपासून बघत होते, त्याने काय ठेवलं हे बघितलंच नव्हतं. 'लो' लावल्यावर त्याच्याकडे उरले ए, ई, एन, आर, एस. 'आन्सर' लावला असता तर उरला असता एकटा ओ. पहिल्या पाच अक्षरांमध्ये कुठलीही दोन बरी अक्षरं आली की सात अक्षरी शब्द होण्याची दाट शक्यता. त्याला आले टी आणि आय. नशीब म्हणायला हरकत नाही, पण नशिबाला बसायला पाट त्याने आधीच मांडून ठेवला होता.

असे प्रोग्रॅम खेळीचे गुण आणि मागे उरलेल्या टाइल्सची किंमत यांची बेरीज करतात, एवढं वाचलेलं होतं. पण रॅक समोर ठेवून बघितल्यावर ते खरं अंगात भिनलं. रिकाम्या टाइलची, म्हणजे कुठलंही अक्षर म्हणून चालणाऱ्या ब्लँकची, किंमत साधारण २५ गुण धरतात. एसची सात-आठ. म्हणजे ब्लँक खर्चून जेमतेम दहा गुण जास्त मिळत असतील तर तो आतबट्ट्याचा व्यवहार. हातात यू आणि व्ही राहिले की किंमत शून्याच्या खाली. एकच अक्षर दोनदा आलं, स्वर फार झाले, व्यंजनं फार झाली, की कापा गुण. ज्याला मी त्याचा संयम समजत होते तो निव्वळ हिशोब निघाला.

एस एवढा महाग का, याचं मूळ खेळाच्या जन्मात आहे. खेळाचे जनक आल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकात वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून कुठलं अक्षर किती ठेवायचं ते ठरवलं. ई बारा ठेवले, आणि एस मात्र हात आखडता घेऊन चारच, नाहीतर जो तो शब्दाला एस लावून अनेकवचनं करत बसला असता.

बाकी शब्द शोधण्यात कंप्युटरशी स्पर्धा करण्यात अर्थच नाही. १९८८ मध्ये अँड्र्यू अॅपेल आणि गाय जेकबसन या दोन संगणकतज्ज्ञांनी शब्दकोश अशा जाळ्यात मांडून दाखवला की रॅक आणि बोर्ड दिल्यावर होऊ शकणाऱ्या सगळ्या खेळ्या चुटकीसरशी बाहेर पडतात. त्याला शब्द आठवावे लागत नाहीत, अर्थाशी तर काही देणंघेणंच नाही. अर्थात, न्यूझीलंडचे स्क्रॅबलपटू नायजेल रिचर्ड्स यांनाही कुठे होतं? फ्रेंच बोलता येत नसताना २०१५ मध्ये त्यांनी फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद मिळवलं, २०२४ मध्ये स्पॅनिशचंही. या खेळात अर्थाला गुण नाहीत, हे मला अजूनही थोडं खटकतं. 'आन्सर' सोडून 'लो' लावताना जीव वर-खाली होतो तो माझा. मोठा शब्द केल्याचा आनंद त्याला ठाऊकच नाही, मग तो सोडायला त्रास कसला होणार?

शनिवार

कंप्युटरला आपली रॅक दिसते, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. पिशवीतून चांगल्या टाइल्सही तोच उचलतो म्हणे. आजच्या डावात मलाही क्षणभर तसंच वाटलं.

क्यू माझ्याकडे बराच वेळ पडून होता. बोर्डाच्या डाव्या बाजूला एक मोकळा आय होता, तिथे 'क्यूआय' करता आलं असतं. पण मी यूची वाट बघत थांबले, यू आला की क्यूचा आणखी मोठा शब्द करायचा बेत होता. तेवढ्या वेळात कंप्युटर त्या आयच्या आसपासही फिरकला नाही. मग पिशवी रिकामी झाली, आणि लगेच त्याने पाच गुणांची एक फडतूस खेळी करून नेमकी तीच जागा बुजवली. पुढे त्याच्या टाइल्स आधी संपल्या. माझ्या हातातल्या क्यूचे दहा गुण माझ्यातून वजा आणि त्याच्यात जमा, म्हणजे २० चा फरक एका टाइलपायी.

त्याला माझी रॅक दिसत असती तर ती जागा त्याने कधीच बुजवली असती, शेवटापर्यंत थांबला कशाला असता? पिशवी रिकामी झाल्यावर डोकावायची गरजच उरत नाही. एकूण टाइल्स १००. बोर्डावरच्या वजा करा, स्वतःच्या वजा करा, उरतील त्या समोरच्याच्या. तोवर अंदाजाचा असलेला खेळ तिथून पुढे बुद्धिबळासारखा उघडा होतो. मुरलेले खेळाडूही कागदावर अक्षरं खोडत जातात आणि शेवटी समोरच्याची रॅक बिनचूक सांगतात. त्यांना कोणी लबाड म्हणत नाही.

तगडे प्रोग्रॅम तर पिशवी भरलेली असतानाही मला मनानेच टाइल्स वाटतात. न दिसणाऱ्या टाइल्समधून कुठल्याही सात उचलायच्या, त्या माझ्या समजायच्या, दोन-चार पाळ्या पुढे खेळून बघायचं, आणि हे शेकडो वेळा. २००६ मध्ये टोरांटोत १९९५ चे जगज्जेते डेव्हिड बॉइज यांना हरवणारा क्वॅकल हा प्रोग्रॅम असाच खेळतो. माझ्या फोनमधला गडी एवढा खोलात जात असेल असं वाटत नाही, कारण पाळी आली की तो लगेच लावून मोकळा होतो.

आणि या गड्याची एक खोड मला सापडली आहे. साठ-सत्तर गुणांनी पुढे असतानाही तो बोर्ड मोकळाच ठेवतो. माणूस पुढे गेला की दारं लावत सुटतो, छोटे शब्द एकमेकांना चिकटवतो, मागच्याला मोठा शब्द घालायला जागाच ठेवत नाही. हा मात्र सव्वीस गुण मिळतायत म्हणून लाल घराच्या वाटेवर खुशाल शब्द ठेवून देतो. गुण अधिक शिल्लक टाइल्स, बेरीज मोठी, लावला. आपण पुढे आहोत की मागे, हे त्या बेरजेत कुठेच नाही. त्याला गुण जमवायचे असतात, डाव जिंकायचा असतो असं नाही. मागच्या दोन्ही पराभवांत मी चांगलीच मागे असताना त्याने अशा वाटा उघडल्या होत्या, आता पुन्हा बघते तर स्पष्ट दिसतायत.

म्हणजे मागे पडल्यावर घाबरून मिळेल ते लावत सुटायचं नाही. ए, ई, आर, एस असं काही जमवून धरायचं, वेळ पडली तर पाळी घालवून टाइल्स बदलायच्या (पिशवीत किमान सात असायला हव्यात, तेवढं भान ठेवून), आणि तो लाल घराकडे कधी दार उघडतो याची वाट बघायची. क्यू मात्र जागा दिसली की पहिल्यांदा काढून टाकायचा.